मारांडी, जेरुजू आणि मुंडकं उडणारी बाई : एका कमेंटला उत्तर

दादा, मारांडीवरच्या माझ्या पोस्टखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं की मारांडी आपल्या खाडीतलं झुडूप, तिच्या औषधी उपयोगांत मलायातली भुतं घुसडून मी अंधश्रद्धा पसरवतोय, आणि वर सर्पदंशावर पाला लावा सांगून लोकांच्या जिवाशी खेळतोय.

सापाचं आधी घेतो, कारण तिथं तुमचं बरोबरच आहे. कोवळी पानं वाटून दंशावर लावायची हे वनौषधींच्या जुन्या पुस्तकांत येतं, पण मी ते तसंच उचलून टाकलं आणि पुढे गेलो, हे चुकलं. साप चावला की सरळ हॉस्पिटल, अँटीव्हेनम, पाला शोधत बसायचं नाही. पोस्टमध्ये आता ठळक अक्षरात टाकलंय.

पण भुताचं मी काढणार नाही. एक म्हणजे मारांडी फक्त आपली नाही हो, ठाण्याच्या खाडीत आहे तशीच ती मलेशियातल्या मलाक्काच्या चिखलातही आहे, तिथं तिला जेरुजू म्हणतात. तिकडे बिया ठेचून गळवावर बांधतात, खोकल्याला देतात, पानांचा रस केस गळतात म्हणून लावतात (हा रस बहुतेक तिच्या पांढऱ्या फुलांच्या बहिणीचा, म्हणजे तिच्याच जातकुळीतल्या दुसऱ्या झुडपाचा, पोस्टमध्ये मी दोघींची सरमिसळ केली होती, तीही दुरुस्त केलीय). आपल्याकडे गोव्यात हीच बुळबुळीत पानं संधिवातावर शेकायला वापरायचे.

आणि त्याच जेरुजूची काटेरी पानं मलाय लोक बाळंतिणीच्या घराच्या दारा-खिडक्यांना टांगायचे, पेनांगालान नावाच्या भुताला लांब ठेवायला. ही रात्री धडापासून मुंडकं सोडवून उडणारी बाई, खाली आतडी लोंबतायत, आणि ओढ कशाची तर बाळंतपणातल्या रक्ताची. स्कीट या इंग्रज लेखकाच्या १९०० सालच्या मलाय मॅजिक या पुस्तकात तिची जन्मकथा आहे, बाई व्हिनेगरच्या मोठ्या लाकडी पिंपात बसून तप करत होती, एक माणूस अचानक आला, ती दचकली आणि मुंडकंच निघालं. आतडी काट्यात अडकतील म्हणून ती घराजवळ यायला घाबरते, म्हणून जेरुजू. घरं खांबांवर, जमिनीच्या फळ्यांत फटी, तिथून ती वर येऊ नये म्हणून काही ठिकाणी घराखाली अननसही लावायचे, काटे ते काटेच.

आता हे वाचून कोणी मुंडकं उडतं असं मानायला लागेल असं मला तरी वाटत नाही. मला ते इंटरेस्टिंग वाटतं कारण बऱ्याच गोष्टींत ही पेनांगालान सुईणच असते, म्हणजे जी बाळंतपण करायला घरात येते तिचीच भीती! बाई बाळंतपणात गेली की कोणाला तरी दोष द्यायचाच, मग तो सुईणीवर. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं, बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवायचे, पाचवीला सटवाई पुजायची, आणि बाळंतपणात मेली तर तिची हडळ झाली म्हणायचे. पोंतियानाक या दुसऱ्या मलाय भुताची गोष्टही अशीच, बाळंतपणात मेलेली बाई. म्हणून म्हणतो, पानाचा औषधाचा भाग ठेवून भुताचा कापला तर तिथल्या बायकांनी ती पानं घरात आणलीच का याचं अर्धं कारण निघून जातं.

शेवटी तुम्ही विचारलंय की आईच्या गुडघ्याला पाला शेकू का आणि तो कुठं मिळेल. गुडघा आधी डॉक्टरला दाखवा. आणि खाडीतून तोडून आणू नका, आपल्याकडे कांदळवनाला संरक्षण आहे. नुसतं बघायला मात्र जरूर जा, ओहोटीला, निळसर जांभळी फुलं छान दिसतात, आणि पानांवर मिठाचे कण असतील तर बोटाने चाटून बघा, झाड जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतं. बूट घालून जा पण, माझी एक चप्पल अजून तिथल्या चिखलात आहे.