कोशर ओट्याला दोन नव्हे, तीन बाजू

भाचीनं ठाण्यातल्या फ्लॅटचं स्वयंपाकघर फोडायला काढलं आणि दुसऱ्याच दिवशी तिचा रडवेला फोन आला. "आत्या, हे वाचलंस का? आपल्याला जमायचंच नाही." आम्ही बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले यहुदी. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर महिनोन्‌महिने फिरणारा एक मजकूर तिला तीन ठिकाणांहून आला होता. मलाही आला होता, मी न वाचता पुसला होता. मग वाचावा लागला.

कोशर म्हणजे यहुदी धर्मनियमांत बसणारं, आणि त्यात दूध आणि मांस वेगळं ठेवावं लागतं. मजकूर थोडक्यात असा: "घराचं रिनोव्हेशन करताय? खरं कोशर किचन म्हणजे दोन किचन. दोन सिंक, दोन शेगड्या, दोन फ्रिज, दोन ओव्हन, दोन डिशवॉशर. ओटा क्वार्ट्झचाच हवा, जुना ग्रॅनाइट काढून टाका. जुनी भांडी बाद. दुधाचा थेंब मटणाच्या पातेल्यात पडला तर पातेलं फेका. एवढी जागा नसेल तर शाकाहारी व्हा, किचन आपोआप कोशर होईल. शेवटी रब्बींना बोलावून आशीर्वाद घ्या."

लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अमेरिकेतलं हॉलएवढं स्वयंपाकघर असावं. भाचीचा ओटा 9 फुटांचा आहे.

"दोन फ्रिज, दोन शेगड्या, दोन ओव्हन"

तोरामध्ये, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, "करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको" ही आज्ञा तीनदा येते, निर्गममध्ये दोनदा आणि अनुवादमध्ये एकदा. शब्द शिजवण्याचा आहे. पुढे धर्मपंडितांनी त्यावर जे नियम बांधले ते मुख्यतः एकाच गोष्टीभोवती फिरतात: चव एकातून दुसऱ्यात जाते कशी? उष्णतेनं आणि ओलाव्यानं. गार, कोरडा पदार्थ गार भांड्याला लागला तर बहुतेक वेळा धुतलं की भागतं. उकळतं लागलं तर भांडं ती चव पितं.

फ्रिजमध्ये काय उकळतं? इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या ग्रंथात, हुल्लीन या भागाच्या आठव्या अध्यायात, मांस आणि चीज एकाच फडक्यात बांधायलाही मुभा आहे, फक्त ती एकमेकांना लागता कामा नयेत. एका फडक्यात चालतं ते एका फ्रिजमध्ये न चालायला काय झालं? मटण झाकणाच्या डब्यात, सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे गळलं तरी दह्यावर गळणार नाही. झालं.

शेगडीचंही तेच. आपल्या गॅसच्या शेगडीवर ज्या जाळीवर पातेलं बसतं तिच्यावरून रोज ज्वाला जाते, म्हणून तीच जाळी आळीपाळीनं वापरायला बहुतेक जाणकारांची हरकत नसते. खरी भीती उतू जाण्याची, उडण्याची आणि वाफेची. एका बर्नरवर दूध आणि चिकटून शेजारच्यावर उघडा रस्सा, हे नको. म्हणून चार बर्नर दाटीनं कोंबलेल्या शेगडीपेक्षा तीन बर्नरची रुंद शेगडी घ्या, असं मी भाचीला सांगितलं. डावा बर्नर दुधाचा, उजवा मटणाचा, मधला दोन्ही नसलेल्याचा. ज्यावर पातेलं थेट काचेवर बसतं अशा विजेच्या सपाट शेगडीचं प्रकरण अवघड आहे. ती हवीच असेल तर घेण्याआधी विचारा.

ओव्हन? आपल्याकडे किती घरांत तो आठवड्यातून एकदा तरी पेटतो? एकच ठेवा. तो एका बाजूला नेमून द्या आणि दुसऱ्या बाजूचं काही करायचंच झालं तर पूर्ण झाकून करा. मायक्रोवेव्हमध्येही झाकण.

डिशवॉशरवर मात्र खरा मतभेद आहे आणि तो मी लपवणार नाही. न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी वेगवेगळे रॅक वापरून एकच यंत्र आळीपाळीनं चालवायला परवानगी दिली. 1973 ते 1983 इस्राएलचे सफार्दी, म्हणजे स्पेन आणि पूर्वेकडच्या यहुद्यांचे, मुख्य रब्बी असलेले ओवादिया योसेफ तर याहून मोकळे होते, कारण साबणाच्या पाण्यात चव खाण्याजोगी उरतच नाही. कडक मानणारे दोन यंत्रं घेतात. आपण बेने इस्राएली साधारण सफार्दी रीतीनं चालतो. पण "दोन नसतील तर कोशर नाही" हे विधान या दोन रब्बींपैकी कुणाच्याच तोंडी घालता येणार नाही.

"दोन सिंक"

इथे मजकूर अर्धा बरोबर आहे. पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर मी दुसऱ्या सिंकवर घालीन. घरात गरम, तेलकट, ओलं जे काही असतं ते शेवटी सिंकमध्येच उतरतं. पण दुसऱ्या सिंकशिवाय अडतं असंही नाही. कित्येक पिढ्यांनी एका मोरीवर दोन घमेली ठेवून हे पाळलं. एकच सिंक असेल तर भांडं थेट त्याच्या तळाला टेकवायचं नाही. दुधाच्या भांड्यांना एक टब, मटणाच्यांना दुसरा, घासण्याही वेगळ्या.

दुकानदार जोडीचं सिंक, म्हणजे मध्ये पातळ भिंत असलेले दोन हौद, अगदी प्रेमानं गळ्यात मारतात. घेऊ नका. नळ फिरवला की एकाचे शिंतोडे दुसऱ्यात जातात. शिवाय दोन्हींचा निचरा खाली लगेच एका पाइपात जोडलेला असतो. तो तुंबला की मटणाचं पाणी दुधाच्या सिंकमधून वर डोकावतं. माझ्याकडे हे झालं आहे, एका शुक्रवारी, पाहुणे दारात असताना. दोन सुटी सिंकं आणि प्रत्येकाला स्वतःचा ट्रॅप, मग पुढे पाइप जोडा.

भाचीच्या घरात जागेचा प्रश्न ड्राय बाल्कनीनं सोडवला. कपडे धुण्यासाठी नळ आणि निचरा तिथे आधीच होता. मटणाचं सिंक तिथे गेलं. चहाचे कप, दुधाचं पातेलं, दह्याच्या वाट्या दिवसभर चालू असतात, मटण आठवड्यातून एकदा-दोनदा. रोजचं आत, क्वचितचं बाहेर. त्याचा आणखी एक फायदा आधी आमच्या लक्षातच आला नव्हता. शोहेतकडून, म्हणजे धर्मनियमानं कापणाऱ्या खाटकाकडून, आणलेलं मटण घरी मिठात काढायचं तर अर्धा तास पाण्यात, मग तासभर मीठ लावून उतरत्या किंवा भोकांच्या फळीवर ठेवावं लागतं, म्हणजे रक्त निथळून जातं. मग तीनदा धुवायचं. हे सगळं आता बाल्कनीतल्या सिंकवर होतं आणि आतल्या ओट्याला हात लागत नाही.

"ओटा क्वार्ट्झचाच"

हे तर उलटं आहे. ग्रॅनाइट हा अखंड नैसर्गिक दगड. तो धुऊन, 24 तास त्यावर गरम काही न ठेवता, मग उकळतं पाणी ओतून कोशर करता येतो. क्वार्ट्झ म्हणून विकतात तो फरशीचा तुकडा म्हणजे सुमारे 90 टक्के दगडाचा चुरा आणि बाकी रेझिन. तो असा कोशर होतो की नाही यावरच प्रमाणपत्र देणाऱ्यांमध्ये वाद आहे. भाचीचा काळा ग्रॅनाइट 15 वर्षांचा होता आणि कुठेही तडकलेला नव्हता. तो तसाच ठेवला, फक्त सांध्यातलं जुनं सिलिकॉन खरवडून नवीन भरलं. सुताराचा चेहरा जरा पडला.

"जुनी भांडी बाद"

भांड्यांना नियम असा: जसं शोषलं, तसं बाहेर काढायचं. उकळून वापरलेलं उकळून, आचेवर भाजायला वापरलेलं आचेवर. तोरातल्या गणना पुस्तकाच्या 31व्या अध्यायात मिद्यानी लोकांकडून लुटून आणलेल्या सोनं, रुपं, पितळ, लोखंडासाठी हेच आहे: जे आगीत टिकतं ते आगीतून काढा. स्टील, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम ही भांडी स्वच्छ घासून, एक दिवस न वापरता ठेवून, उकळत्या पाण्यात बुडवली की सुटतात. आजीची पितळी पातेली भंगारात घालण्याचं काही कारण नाही. काचेच्या बाबतीत सफार्दी रीत सौम्य आहे, काच शोषत नाही असं धरून धुणं पुरतं. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातले यहुदी, तेवढं मानत नाहीत.

बाद होते ती माती आणि चिनी माती. मातीचं भांडं फोडा, पितळी घासून धुवा, हा फरक तोरातल्या लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातच केलेला आहे. नॉन-स्टिकचा तवा मात्र मीही नवा घेईन.

"दुधाचा थेंब पडला, पातेलं फेका"

अपघातानं पडलेलं दूध आतल्या रश्श्याच्या साठाव्या भागापेक्षा कमी असेल तर ते विरून गेलं असं धरतात. 2 लिटर रश्श्याचा साठावा भाग म्हणजे सुमारे 33 मिलिलीटर, दोन मोठे चमचे. थेंबाची काय कथा. मुद्दाम घालून साठाचा हिशोब दाखवता येत नाही, हे अर्थात आलंच. थेंब पातेल्याला बाहेरून, वरच्या कोरड्या भागावर पडला तर प्रश्न वेगळा, तेव्हा विचारायचं. पण फेकायचं नाही.

जे मजकुरात नाहीच

एवढं सगळं "दोन, दोन, दोन" लिहिणाऱ्याला तिसरं आठवलं नाही. परवे, म्हणजे जे दुधाचंही नाही आणि मांसाचंही नाही. आणि आपल्या घरात तेच सर्वांत जास्त आहे! भात, पोळी, डाळ, भाज्या, अंडी, मासे, नारळ. कोकणातल्या आपल्या पूर्वजांनी मटणाच्या रश्श्यात दह्याऐवजी नारळाचं दूध घातलं, कारण नारळाचं दूध हे दूधच नव्हे. बदामाच्या दुधात मांस शिजवलं तर पाहणाऱ्याचा गैरसमज नको म्हणून शेजारी बदाम ठेवा, असं युरोपातल्या पंडितांनी सुचवून ठेवलंय. आमच्याकडे ओट्यावर खवणी आणि करवंटी पडलेली असतेच, कुणाला कसला गैरसमज होणार?

खरी मेख वाटणात आहे. कांदा, लसूण, मिरची यांसारखं तिखट, उग्र काही सुरीनं कापलं किंवा वाटलं की ते त्या सुरीची, त्या भांड्याची चव ओढून घेतं, गार असलं तरी. हा नियम जगभरच्या कोशर घरांत आहे, पण जिथे रोज सकाळी कांदा-खोबऱ्याचं वाटण निघतं तिथे तो जास्त झोंबतो. मटणाच्या सुरीनं चिरलेला कांदा संध्याकाळच्या पनीरच्या भाजीत घालता येत नाही. म्हणजे मिक्सरची मोटर एक चालेल, पण वाटणाचं भांडं, सुरी आणि विळी तिसरी हवी, फक्त परवे. मासे तळायचा तवाही याच बाजूचा, कारण मासा मांसाबरोबर शिजवत नाहीत आणि दुधातही घालायचा टाळतात. तुपाचा हात लावलेली पोळी मात्र दुधाच्या बाजूला गेली. ती मटणाबरोबर वाढायची नाही, म्हणून पोळ्या कोऱ्याच करायच्या आणि तूप ताटात घ्यायचं.

तेव्हा 9 फुटांचा हिशोब आम्ही असा केला. मधला सर्वांत लांब भाग, साधारण 4 फूट, परवे. त्याच्याखालच्या ट्रॉल्यांत सगळी रोजची पातेली. आतल्या सिंकजवळची दीड फूट दुधाची आणि बाल्कनीच्या दाराकडची तेवढीच मटणाची, मटणाची भांडी त्याच दाराजवळच्या कपाटात. उरलेल्यात शेगडी. रंगांचं म्हणाल तर लाल-निळं हा निव्वळ सोयीचा संकेत आहे, नियम नव्हे. भाचीनं स्टीलच्या डब्यांवर नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, कामवाल्या मावशींना एका दिवसात समजलं.

आणखी दोन गोष्टी मजकूर विसरला: शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, गरम प्लेटसाठी विजेचा वेगळा पॉइंट, आणि पेसाखच्या, म्हणजे वल्हांडण सणाच्या, भांड्यांसाठी माळ्यावरचा एक कुलपाचा कप्पा. फरशी बसवून झाल्यावर आठवलं तर भिंत पुन्हा फोडावी लागते.

"शाकाहारी व्हा, आपोआप कोशर"

सोपं होतं, हे खरं. आपोआप होत नाही. फ्लॉवर, कोथिंबीर, मेथीतली कीड डुकराच्या मांसाइतकीच निषिद्ध आहे, म्हणून वरच्या कपाटाखाली सिंकवर झगझगीत दिवा लावून घ्या. या रिनोव्हेशनमधली ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत धार्मिक वस्तू आहे. द्राक्षाचा व्हिनेगर, चीज करताना दूध फाडायला घातलेलं रेनेट, हे प्रश्न उरतातच. आणि पाकिटावरचा हिरवा ठिपका आपल्यासाठी नाही. हिरवा ठिपका असलेल्या पावात दूध पावडर असू शकते, तो मटणाबरोबर चालत नाही. अंडं मात्र ठिपक्याच्या हिशोबानं मांसाहारी आणि आपल्या हिशोबानं परवे.

"रब्बींचा आशीर्वाद"

कुणाच्या आशीर्वादानं अन्न किंवा ओटा कोशर होत नाही. कोकणात आपल्याकडे शतकानुशतकं रब्बी नव्हतेच. धर्मविधी पाहणारे काझी होते, प्रार्थना चालवणारे हज्जान होते, आणि स्वयंपाकघर बायकांच्या हातात होतं. जाणत्या माणसाला बोलवा जरूर, पण सुतार येण्याआधी, नकाशा दाखवायला. शेवटी पेढे घेऊन नव्हे.

बेराखा, म्हणजे ठरलेली प्रार्थना, एकच आहे आणि ती घरचं माणूसच म्हणतं. बाहेरून विकत आणलेलं धातूचं किंवा काचेचं नवं भांडं मिकव्यात, म्हणजे धार्मिक स्नानाच्या कुंडात, बुडवताना. मिकवा जवळ नसेल तर समुद्र चालतो. भाचीची नवी पातेली आम्ही पोत्यात घालून अलिबागला नेली. बुडवण्याआधी दुकानाचं स्टिकर पूर्ण निघायला हवं, नाहीतर पाणी सगळीकडे लागत नाही. त्याचा डिंक घासून निघत नाही. खोबरेल चोळा आणि 10 मिनिटं थांबा. आम्ही मूळचे शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. आमच्या घरात तेवढं तेल निघेलच.