तळ्यावर प्रेम कसं करावं (पाय न भिजवता)

गावच्या तळ्यावर तुमचा जीव आहे, हे मी धरूनच चालतो. आपल्या बेळगाव भागात ज्याचा नाही, असा माणूस मी तरी बघितलेला नाही. प्रश्न एवढाच, की जीव लावताना चप्पल चिखलात जाऊ नये याची सोय कशी करायची. मला थोडा अनुभव आहे, सांगतो.

सुरुवात आठवणींपासून करा. कमरेला पांगाऱ्याच्या हलक्या, तरंगणाऱ्या लाकडाचा बिंडा बांधून तुम्हाला पाण्यात कसं ढकललं, सांडव्यावरून मुटका मारताना गुडघा कसा फुटला, म्हशीची शेपटी धरून पलीकडचा काठ कसा गाठला, हे सगळं रंगवून सांगा. दर वर्षी तळं एक-एक पुरुष खोल करत न्या. (गाळानं ते तेवढंच उथळ होत असतं, हिशोब बरोबर जुळतो.) आठवणीत एक पथ्य मात्र पाळा: ते पाणी यायचं कुठून, हा विषय काढायचा नाही. माळावरचा ओढा मग मधे येतो, आणि ओढा आला की त्याच्यावर पडलेले लेआउट येतात. उन्हाळ्यात शेतकरी गाड्या भरभरून गाळ रानात न्यायचे, हेही नको. बिचाऱ्यांना आपण तळ्याचं पुनरुज्जीवन करतोय हे ठाऊकच नव्हतं.

आता रविवारचं. सकाळी सात-आठ पोरं आणि एक निवृत्त मास्तर ट्रकच्या ट्यूबवर बसून जलपर्णी ओढत असतात. तुम्ही जरूर जा, पण साडेनऊला जा आणि पांढऱ्या कपड्यांत जा. एक रोप दोन बोटांत धरून फोटो काढून घ्या. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. गटाराचं, साबणाचं पाणी मिळालं की दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. तेव्हा गटार तळ्यातच राहू द्या, पोरांना दर रविवारी काम पाहिजे की नको?

मी गेलो त्या दिवशी एका गड्ड्याबरोबर हात वर आला. काळ्या दाढीसारख्या मुळांत अडकलेला, गणपतीचा. शाडूचा असता तर कधीच विरघळला असता. हा प्लास्टरचा, कड्यावरचा सोनेरी रंगही शाबूत, तळहातावर मोदक तसाच. पोरं गप्प झाली. मास्तरांनी तो लुंगीला पुसला आणि काठावरच्या दगडावर मोदक वर राहील असा ठेवला. माझा फोटो तेवढा राहिला.

खात्याकडं अर्ज करणार असाल तर घाई नको. कर्नाटकात ४० हेक्टरपेक्षा जास्त रान भिजवणारं तळं लघु पाटबंधारे खात्याकडं, त्याहून लहान असेल तर पंचायतीकडं. आमच्या तळ्याखाली भिजवायला रानच उरलेलं नाही, सगळे प्लॉट. मग ते कुणाचं? राज्यानं २०१४ साली तळ्यांसाठी खास कायदा करून प्राधिकरण काढलं आणि २०१८ साली ते गुंडाळून काम दुसऱ्या प्राधिकरणाकडं दिलं. म्हणजे तळ्यांच्या आधी प्राधिकरण आटलं.

एवढ्यानंही काम पुढं सरकायला लागलं, तर पाटीचा विषय काढा. मराठीतला ‘तलाव’ वर की कन्नडमधलं ‘केरे’ वर, अक्षरं केवढी? सीमाभागात यापुढं गाळाला कोण विचारतो! दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना सहा महिने काम मिळतं. म्हशी तेवढ्या पाटी न वाचता पाण्यात उतरतात.

भाषणाची वेळ आली तर १९२४ चं काँग्रेस अधिवेशन सोडू नका. गांधीजी अध्यक्ष होते असं ते एकमेव अधिवेशन, आणि ते आपल्या बेळगावात! त्यासाठी टिळकवाडीत खणलेली विहीर आजही आहे. त्या लोकांनी आधी पाणी काढलं आणि मग भाषणं केली. आपण क्रम तेवढा बदललाय. पाहुण्यांना शहर दाखवायचं असेल तर किल्ला तळ्यावर न्या. तिथं २०१८ साली ११० मीटर उंच ध्वजस्तंभ उभा राहिलाय. सगळ्यांच्या माना वर असतात, खाली पाण्याकडं कुणी बघत नाही.

परवा मास्तर घरी आले होते. चहा घेतला आणि म्हणाले, “तुझ्या कंपाउंडाखालनं एक पाइप घालू दे की रे. ओढ्याचं पाणी तळ्यात उतरंल. पावसात तुझ्या हॉलमधे तरी येणार नाही.”

“बघू की सर, दसरा होऊ दे,” मी म्हटलं. आणि विषय बदलायला म्हणून त्यांना माझी पोहायला शिकल्याची गोष्ट सांगितली, बिंड्यासकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली. बिंडा त्यांनीच बांधला होता.