वेव्हेलवरचा तो फॉरवर्ड आणि त्यातल्या चुका

व्हॉट्सॅपवर एक मेसेज फिरतोय, आमच्या घरच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला आणि लोक खाली हात जोडून पुढे पाठवतायत. म्हणणं थोडक्यात असं की माउंटबॅटनच्या आधीचा व्हॉइसरॉय लॉर्ड वेव्हेल हा युद्धात हरलेला, एका डोळ्याने आंधळा जनरल, चर्चिलने आपलं प्यादं म्हणून इकडे बसवला, बंगालमधली तीस लाख माणसं त्याने उपाशी मारली, सिमल्यात जिनांना व्हेटो दिला, १९४६ मध्येच फाळणीची रेघ मारून ठेवली आणि काम झाल्यावर लंडनने त्याला अर्ल करून बक्षीस दिलं. मला वेव्हेलचा पुतळा उभा करायचा नाहीये, तो साम्राज्याचा नोकर होता आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. पण बंगालच्या दुष्काळात मेलेल्यांचं नाव घेऊन काही सांगायचं तर निदान तारखा तरी नीट बघा, एवढीच माझी कळकळ आहे.

आधी तो डोळा. जून १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत त्याचा डावा डोळा गेला आणि मिलिटरी क्रॉस मिळाला, म्हणजे ज्यावरून टिंगल चाललीये ती रणांगणावरची जखम आहे. हरलेला म्हणाल तर डिसेंबर १९४० ते फेब्रुवारी १९४१ या काळात उत्तर आफ्रिकेत त्याच्या हाताखालच्या तीसेक हजार फौजेने इटलीचे १ लाख ३० हजार सैनिक कैद केले, आणि त्यात आपली चौथी इंडियन डिव्हिजन होती. नंतर ग्रीस गेलं, क्रीट गेलं, जर्मन सेनापती रोमेलपुढे जून १९४१ चा हल्ला फसला, सिंगापूर आणि ब्रह्मदेश पडले तेव्हाही वरची जबाबदारी त्याचीच होती, हे सगळं खरं. पण नुसता तलवारबहाद्दरही नव्हता, १९११ मध्ये रशियात वर्षभर राहून भाषा शिकला, पहिल्या महायुद्धात कॉकेशसमध्ये रशियन सैन्याकडे ब्रिटिशांचा लायझन ऑफिसर होता, आणि १९४२ मध्ये चर्चिल स्टालिनला भेटायला मॉस्कोला गेला तेव्हा हाही तिथे होता.

आता बंगाल, आणि इथे मला खरंच राग येतो. वेव्हेलने शपथ घेतली २० ऑक्टोबर १९४३ ला. तोवर कोलकात्याच्या फुटपाथवर माणसं कित्येक महिने मरत होती, आणि आधीचा व्हॉइसरॉय लिनलिथगो त्या काळात एकदाही बंगालमध्ये गेला नाही. वेव्हेल आठवड्याच्या आत कोलकात्यात पोचला, रात्री रस्त्यावर झोपलेली माणसं जाऊन बघितली, अन्नछत्रं बघितली, आणि धान्य जिल्ह्याजिल्ह्यात पोचवायला लष्कर कामाला लावलं. मग लंडनकडे दहा लाख टन धान्य मागितलं, लंडन थोडंथोडं तुकडे टाकत राहिलं, हा तारेवर तार करत राहिला, राजीनाम्याची धमकी दिली. फेब्रुवारी १९४४ च्या तारेत त्याने लिहिलं की ब्रिटिश अमलाखालच्या कुठल्याही लोकांवर आलेल्या सगळ्यात मोठ्या संकटांपैकी हे एक आहे. माणसं त्याच्या काळातही मरत राहिली, रोगराईने तर १९४४ मध्येही खूप गेली, पण दुष्काळ त्याने आणला म्हणणं म्हणजे आग लागल्यावर बंब घेऊन आलेल्यालाच आग लावणारा ठरवणं झालं.

पण थांबा, त्याच्यावर एक खरा आरोप आहे आणि तो फॉरवर्डवाल्याला माहीतच नाही. १९४२ मध्ये जपानी येतील या भीतीने किनाऱ्यालगतच्या बंगालमध्ये दहापेक्षा जास्त माणसं नेऊ शकतील अशा होड्या सरकारने काढून घेतल्या, मोडल्या, हजारोंनी. त्या मुलखात होडी म्हणजे बैलगाडी, एसटी आणि पोटापाण्याचं साधन सगळं एकच, मासे त्यावर, भात त्यावर, बाजार त्यावर. हे लष्करी कारणासाठी झालं आणि तेव्हा भारतातला सरसेनापती वेव्हेल होता. विचारायचं तर हे विचारा.

चर्चिलचं प्यादं? चर्चिलची तशी अपेक्षा असेलही, की हा घुमा शिपाई युद्ध संपेपर्यंत गप्प बसेल. झालं उलटंच. २४ ऑक्टोबर १९४४ ला त्याने थेट चर्चिललाच पत्र लिहून सांगितलं की भारताचे जिव्हाळ्याचे प्रश्न तुमचं सरकार दुर्लक्षाने आणि कधीकधी तर वैराने, तुच्छतेने हाताळतंय. चर्चिलने गांधी अजून मेले कसे नाहीत असं विचारणारी तार केली होती हे जगाला कळलं तेसुद्धा वेव्हेलच्या डायरीमुळेच. मात्र गांधींबद्दल त्याच्या मनात ओलावा नव्हता, डायरीत कडवट लिहिलंय. कस्तुरबा पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेतच गेल्या, २२ फेब्रुवारी १९४४, तेव्हा व्हॉइसरॉय हाच होता. गांधींना सोडलं मे मध्ये, ते आजारी पडल्यावर, आणि पुढे त्यांनी भेट मागितली ती याने नाकारली. हे लपवायचं कारण नाही.

सिमल्याचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. नगरच्या किल्ल्यात १९४२ पासून कोंडलेले काँग्रेसचे नेते (शेवटी शेवटी त्यांना वेगवेगळ्या तुरुंगांत हलवलं होतं, नेहरू अलमोड्याला होते) जून १९४५ मध्ये सुटले ते या सिमला परिषदेसाठी, म्हणजे व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात भारतीय नेते घ्यायच्या बोलण्यांसाठी, आणि त्यासाठी वेव्हेल लंडनमध्ये दोन महिने डोकं आपटत बसला होता. जिना म्हणाले मंडळातले सगळे मुसलमान सदस्य मुस्लिम लीगच नेमणार. वेव्हेलने ते मान्य केलं नाही, स्वतःच्या यादीत लीगचे चार आणि पंजाबच्या युनियनिस्ट पक्षाचा एक मुसलमान धरला. जिनांनी नाही म्हटल्यावर लीगला सोडून सरकार बनवायचं धाडस मात्र त्याने केलं नाही, १४ जुलैला परिषद गुंडाळली आणि अपयश माझं म्हणून मोकळा झाला. जिना मोठे झाले ते इथे. व्हेटो जिनांच्या हातात ठेवला नाही पण परिणाम तोच झाला, ही त्याची चूकच.

आणि ती रेघ. वेव्हेलने लंडनला पाठवलेली फेब्रुवारी १९४६ ची तार खरी आहे. पण ती लंडनमधल्या भारतमंत्र्याने जानेवारीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं, की पाकिस्तान द्यायचंच झालं तर कुठला भाग खरोखर मुस्लिमबहुल आहे. तारेत एक वाक्य आहे, अमृतसर शिखांचं पवित्र शहर म्हणून बाहेर राहिलं पाहिजे आणि भूगोलामुळे गुरदासपूर अमृतसरबरोबर गेलं पाहिजे. म्हणजे जिना ज्या अख्ख्या पंजाब-बंगालची स्वप्नं बघत होते त्याला कात्री, कोलकातासुद्धा बाहेर. नुसतं मागितलं तर हातात किती कमी पडेल हे दाखवण्याचा डाव होता तो, आणि याच माणसाने १७ फेब्रुवारी १९४४ ला दिल्लीत केंद्रीय विधिमंडळासमोर सांगितलं होतं की भूगोल बदलता येत नाही, भारत हा नैसर्गिकपणे एक आहे. १९४७ मध्ये सीमा आखणाऱ्या ब्रिटिश वकील रॅडक्लिफची रेघ त्या तारेशी बरीच जुळते पण सगळी नाही, मुर्शिदाबाद तारेत पाकिस्तानात होतं, ते भारतात आलं.

राहिलं बक्षीस. वेव्हेल म्हणत होता की सैन्य आणि कारभार टप्प्याटप्प्याने काढून घ्या, आधी दक्षिणेकडच्या प्रांतांतून, आणि मार्च १९४८ पर्यंत संपवा. ब्रिटिश पंतप्रधान अ‍ॅटलीला ते पळपुटेपणाचं वाटलं. ३१ जानेवारी १९४७ चं पत्र आलं, नोकरी संपली, महिन्याभराची मुदत, वर अर्लपद. २० फेब्रुवारीला अ‍ॅटलीने पार्लमेंटमध्ये भारत सोडायची जून १९४८ ची तारीख जाहीर केली, २३ मार्चला वेव्हेल दिल्लीहून निघाला, दुसऱ्या दिवशी माउंटबॅटनने शपथ घेतली आणि तारीख ओढून १५ ऑगस्ट १९४७ वर आणली. रॅडक्लिफ भारतात पोचला ८ जुलैला, म्हणजे अख्खा पंजाब आणि बंगाल कापायला त्याच्या हातात जेमतेम पाच आठवडे.