लपवताय कशाला?

संकेतस्थळ उघडलं की खालून पट्टी वर येते : 'आम्हाला तुमच्या खासगीपणाची कदर आहे.' इतक्या आदबीने कोणी बोलत असेल तर हिरवं, ठसठशीत 'सर्व स्वीकारा' दाबून मोकळं व्हावं. शेजारी मुंगीच्या अक्षरांत 'पर्याय पाहा' असतं, तिकडे फिरकू नये. आत 'भागीदारां'ची यादी असते. तुमच्या लग्नालाही एवढे लोक आले नव्हते.

१९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुली यांनी कुकी, म्हणजे संकेतस्थळाने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवायची छोटी चिठ्ठी, काढली, ती दुकानाला गिऱ्हाइकाची टोपली लक्षात राहावी म्हणून. पुढे जाहिरातवाल्यांनी तीच चिठ्ठी दुकानोदुकानी वाचायला सुरुवात केली. आपुलकी म्हणतात ती हीच.

माझंच बघा. परवा रात्री गुपचूप 'मूळव्याध घरगुती उपाय' शोधलं. बायकोलाही पत्ता नव्हता. सकाळी सासऱ्यांना पंचांग बघायला फोन दिला, तर चतुर्थी आणि पंचमीच्या मधोमध मलमाची जाहिरात. सासऱ्यांनी चष्मा वर केला. "जावईबापू, सुरण खात जा." डॉक्टरांची फी वाचली ना?

लाजच वाटत असेल तर ब्राउझरची 'गुप्त' खिडकी, म्हणजे इनकॉग्निटो, उघडा. ताकाला जाऊन भांडं लपवायची उत्तम सोय! हिस्ट्री बायकोपासून लपते, संकेतस्थळापासून नाही. अमेरिकेत यावरून २०२० साली गूगलवर दावा झाला. २०२४च्या तडजोडीत अब्जावधी नोंदी नष्ट करायचं ठरलं. इतकं जिवापाड जपलेलं, आणि लोकांना कदर नाही.

कुकी पुसताय? खुशाल पुसा. स्क्रीनची लांबी-रुंदी, टाइमझोन, फॉन्ट असं एकेक जुळवून तुमचा ठसा तयार होतो. त्यात हौसेने चार जादा मराठी फॉन्ट बसवले असतील, तर पुणेरी पगडी घालून लंडनच्या ट्यूबमध्ये बसल्यासारखे उठून दिसाल. फॉर्म अर्धवट सोडलात तरी खंत नको, काही ठिकाणी 'सबमिट' दाबण्याआधीच तुमचा ई-मेल पोचलेला असतो.

आणि घाबरता कशाला? खासगीपणा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्येच सांगितलंय. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याला तर तुमची संमती मुक्त आणि निःसंदिग्ध लागते. अंगठा तुमचाच, हिरवं बटणही तुम्हीच दाबलंत.

काल सासरे विचारत होते, ती मलमाची जाहिरात आता त्यांच्या फोनवर कशी काय दिसते. घरात वायफाय एकच आहे, हे मी बोललो नाही. म्हटलं, "बाबा, तुम्ही खाता ना सुरण?"