मास्कच्या आधी बगॅसचा ढीग बघा

साखर कारखान्यातले कामगार मास्क लावत नाहीत म्हणून त्यांना छातीचे आजार जडतात, हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. सगळं खापर कामगाराच्याच डोक्यावर! ताज्या बगॅसमध्ये, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्यात, जवळपास निम्मं पाणी असतं. त्याचा ढीग महिनोन्‌महिने पडून राहिला की आतून तापतो आणि उष्णतेत वाढणारे बुरशीसारखे जिवाणू त्यात माजतात. पुढे तो वाळला आणि लोडरनं उकरायला घेतला की उडते ती नुसती धूळ नसते, त्या जिवाणूंचे बीजाणू असतात. आमच्या यार्डात त्यासाठी माणसांना काय मिळायचं, तर सुती रुमाल. त्यानं फार तर नाकात कुसळं जात नाहीत. ढिगावर आडोसा, जुना माल आधी बॉयलरला, उकरण्याआधी पाण्याचा फवारा, ही कामं व्यवस्थापनाची आहेत. त्यावर लेखात अवाक्षर नाही.

दुसरं म्हणजे या धुळीनं होणारा छातीचा आजार, बगॅसोसिस, चकवतो. दिवसभर माणूस ठणठणीत, पाच-सहा तासांनी घरी गेल्यावर थंडी-ताप, कोरडा खोकला, धाप. सुट्टीत आपोआप बरं वाटतं. मग डॉक्टर कधी मलेरिया म्हणतात, कधी टीबी. कामाचं विचारतच नाहीत. नुकसानभरपाईच्या कायद्यात ‘बगॅसोसिस’ नावानिशी आहे, पण हंगामी कंत्राटी माणसाच्या केसपेपरवर ‘दमा’ एवढंच लिहिलेलं असेल, तर तो भरपाई मागणार कशाच्या जोरावर?