काका, आधार आणि सीबीआय

मंगळवारी सकाळी मला घरच्या घरी अटक झाली. अंगात बनियन, गॅसवर फोडणी.

व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल. खांद्यावर तारे, मागे तिरंगा. तैवानला निघालेल्या माझ्या पार्सलात म्हणे ड्रग्ज सापडले. मी आजवर तळेगावलाही पार्सल पाठवलेलं नाही. 'डिजिटल अरेस्ट' नावाचं कायद्यात काहीच नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर ते मीच टाकलं होतं, वर तीन उद्गारचिन्हं देऊन. तरी "दरवाजा बंद करो, किसी को बताना नहीं" ऐकल्यावर मुकाट कडी लावायला उठलो.

दारात खालचे काका, पेपर मागायला.

"कोण आहे रे?"

"सीबीआय," मी पुटपुटलो.

काकांचा चेहरा उजळला. "सरकारी माणूस? स्वतःहून?" फोन त्यांच्या हातात गेलासुद्धा. "नमस्कार साहेब! वो आधार पे मेरेको बाई कर दिया है."

"क्या?"

"बाई! लेडीज! चार साल हो गया. ये देखो." मिशी कॅमेऱ्याला टेकली.

"आप हटिए, ये गोपनीय मामला है!"

"मेरा भी गोपनीयच है, साहेब. होल्ड करो, झेरॉक्स लाता हूँ."

फाइल घेऊन काका धापा टाकत वर आले तोवर साहेब पसार.

फोडणी जळाली ती जळालीच. मध्यंतरी आईला फोन लावला की आधी सायबर फसवणुकीची टेप ऐकावी लागायची. टेप फोन लावणाऱ्याला, म्हणजे सावध व्हायचं मी आणि माझ्या आईपासून! हा भामटा व्हॉट्सअ‍ॅपवरून आला, टेपबिप काही न ऐकता. बरं, खरा सरकारी माणूस फोनवर बोलतो तोही याच आवाजात, म्हणून तर मी उठलो ना! पैसे गेले असते तर १९३० हा हेल्पलाइन नंबर होता. नुसत्या कॉलची तक्रार सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू'वर टाकली. बनियनवर घाम फुटला त्याला मात्र रकाना नाही.

काका अजून माझ्यावरच घुश्शात आहेत. "तू साहेबांना नीट धरून ठेवलं नाहीस." संध्याकाळी माझ्याच फोनवरून त्यांनी तो नंबर पाच वेळा लावला. कोणी उचलला नाही.

"बघ," काका म्हणाले, "सरकारीच होता."