'अमेरिकन रीयुनियन' फ्लॉप होता हे आधी डोक्यातून काढून टाका

चावट कॉमेडीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतंच, अहो तो जॉनर 'अमेरिकन रीयुनियन'लाच संपला, बघितलं नाही का कसा आपटला ते. हे मी इतक्यांदा वाचलंय की आज सगळं सविस्तर लिहून काढतोय. पोस्ट मोठी होणार आहे, आकडे भरपूर आहेत, पण ते आकडे बघितल्याशिवाय हा विषय कळतच नाही.

हा पिक्चर 'अमेरिकन पाय' या सिरीजमधला, ६ एप्रिल २०१२ला अमेरिकेत लागला. पहिल्या वीकेंडला साधारण २.१५ कोटी डॉलर आले आणि नंबर दुसरा, कारण 'हंगर गेम्स' तिसऱ्या आठवड्यातसुद्धा पहिल्या जागेवरून हलायला तयार नव्हता. अमेरिकेतली एकूण कमाई थांबली ५.७ कोटी डॉलरच्या आसपास. आता याच सिरीजचा दुसरा भाग २००१मध्ये तिथे १४.५ कोटी घेऊन गेला होता आणि २००३चा 'अमेरिकन वेडिंग' १०.४ कोटी, म्हणजे नऊ वर्षांनी तीच जुनी गँग परत आणली आणि घरच्या प्रेक्षकांनी निम्म्याच्या जवळपास पैसे दिले. एवढंच बघितलं तर हो, आपटला. पण इथेच थांबणारे लोक पुढचा, बाहेरच्या देशांतल्या कमाईचा कॉलम वाचतच नाहीत आणि माझं सगळं भांडण त्या न वाचलेल्या कॉलमसाठी आहे.

अमेरिकेबाहेर या पिक्चरने जवळपास १७.८ कोटी डॉलर कमावले. एकूण २३.५ कोटी. आणि १९९९च्या पहिल्या 'अमेरिकन पाय'ची जगभरातली कमाई किती होती? तीही साधारण २३.५ कोटीच. मधल्या तेरा वर्षांत तिकीट महागलं, तेव्हा तेवढेच डॉलर म्हणजे तेवढीच माणसं असं मी म्हणणार नाही, ते चुकीचं होईल. पण ज्याला सगळे मेलेला म्हणतात त्या पिक्चरने चारपैकी तीन डॉलर बाहेरून आणले ही गोष्ट तर खरी आहे ना! जर्मनी, रशिया, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, इथल्या लोकांनी तो उचलून धरला. बऱ्याच देशांत पोस्टरवर 'अमेरिकन पाय' हे जुनं नाव मुद्दाम ठळक ठेवलं होतं, कारण तिथल्या लोकांच्या मनात ते नाव अजून ताजं होतं.

इथे कुणीतरी म्हणेल की बाहेरचा पैसा स्टुडिओच्या हातात कमी पडतो. बरोबर आहे. ढोबळमानाने अमेरिकेत तिकिटाच्या पैशातला निम्मा स्टुडिओकडे जातो, बाहेर चाळीस टक्क्यांच्या आसपास, काही ठिकाणी त्याहून कमी. हा हिशोब लावूनसुद्धा बघा, ५.७ कोटीचे निम्मे म्हणजे पावणेतीन-तीन कोटी आणि १७.८चे चाळीस टक्के म्हणजे सात कोटींच्या वर. पिक्चर बनवायला लागले होते ५ कोटी. प्रसिद्धीचा खर्च वेगळा, तो जगभर करायचा म्हणजे मोठाच असतो, त्यामुळे छप्पर फाडून नफा झाला असं कुणी म्हणू नये. पण या पिक्चरला ज्यांनी वाचवलं ते बाहेरचे प्रेक्षक होते, आणि चर्चेत त्यांचं नावसुद्धा येत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि हे एका पिक्चरचं नाही. 'हँगओव्हर'चे तिन्ही भाग एकापुढे एक ठेवून बघा. पहिला २००९चा, साडेतीन कोटीत बनलेला, अमेरिकेत २७.७ कोटी आणि जगभरात ४६.५ कोटींच्या पुढे, म्हणजे साठ टक्क्यांच्या आसपास पैसा घरचा. दुसरा २०११चा, बँकॉकमध्ये नेलेला, घरी २५.४ आणि एकूण ५८.६, इथे बाहेरच्यांनी घरच्यांना मागे टाकलं. तिसरा २०१३चा, घरी ११.२वर कोसळला, अक्षरशः निम्म्याहून खाली, आणि एकूण तरीही ३६.२ कोटी, म्हणजे जवळपास सत्तर टक्के बाहेरचे. बाहेरही घसरण झाली हो, ३३ कोटींवरून २५ वर आले, पण घरच्यासारखा कडेलोट नाही झाला. अमेरिकेतला प्रेक्षक या विनोदाला आधी कंटाळतो आणि बाहेरचा त्याच्यासोबत जास्त काळ टिकतो, माझं म्हणणं एवढंच आहे. 'अमेरिकन पाय' मालिकेत हेच झालं, 'हँगओव्हर'मध्येही हेच.

का टिकतो, यावर मी बराच विचार केलाय. एक कारण फार साधं आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, ते म्हणजे वयाचं सर्टिफिकेट. अमेरिकेत असले पिक्चर 'आर' रेटिंगचे असतात, सतराच्या खालच्या मुलाला आईवडील किंवा कुणीतरी मोठं माणूस सोबत घेऊन जावं लागतं, आणि असला पिक्चर आईच्या शेजारी बसून कोण बघणार आहे सांगा! ब्रिटनमध्ये 'अमेरिकन पाय'ला १५चं सर्टिफिकेट होतं. जर्मनीत तर १२चं, आणि पहिल्या 'हँगओव्हर'लासुद्धा तिथे १२चंच. म्हणजे ज्या वयाच्या पोरांसाठी हे विनोद लिहिलेले असतात ती पोरं अमेरिकेत दारावर अडतात आणि जर्मनीत मित्रांसोबत सरळ तिकीट काढून आत जाऊन बसतात. तिकडच्या मंडळांचा हिशोब वेगळा आहे, हिंसा दिसली की कडक, पण अंगाच्या गमतीजमती आणि शिव्यांकडे त्या मानाने जरा सैल नजरेने बघतात. मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं, तुमचं मत वेगळं असू शकेल.

दुसरं म्हणजे डबिंग. जर्मनी, इटली, स्पेन इथे डबिंग हा पूर्ण वेगळा धंदा आहे, तिथले आवाजाचे कलाकार वर्षानुवर्षं एकाच नटाला आवाज देतात, आणि संवाद लिहिणारा माणूस शब्दाला शब्द न ठेवता हशा जिथे यायला हवा तिथे आणतो. असं असलं तरी सगळंच पार होत नाही. कंबरेखालचा विनोद जेव्हा प्रसंगातून येतो, म्हणजे माणूस नको त्या वेळी नको त्या अवस्थेत सापडतो, तेव्हा त्याला भाषा लागतच नाही. 'अमेरिकन पाय'मध्ये बाप दार उघडतो आणि पोरगा ओट्यावर ॲपल पाय या गोड पदार्थासोबत काय करतोय ते बघतो, याला कुठल्या देशात सबटायटल लागेल? पण विनोद जेव्हा नुसत्या बोलण्यात असतो, द्वयर्थी संवादात असतो, नटाने कॅमेऱ्यासमोर सुचेल ते बोलत नेण्यात असतो, तेव्हा तो सीमेवरच अडकतो.

याचा सगळ्यात ठळक पुरावा म्हणजे 'अँकरमॅन', २००४चा. अमेरिकेत साडेआठ कोटी, जगभरात मिळून ९ कोटींच्या आसपास, म्हणजे बाकीच्या सगळ्या जगातून जेमतेम अर्धा कोटी! तो पिक्चर काही फार अश्लील नाही, पण त्याची गंमत सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन टीव्ही बातम्यांवर आणि नट विल फेरेलच्या बोलण्याच्या ढंगावर उभी आहे. 'टालाडेगा नाइट्स'चंही तेच, नॅसकार या अमेरिकन कार रेसिंगची टर, अमेरिकेत १४.८ कोटी आणि एकूण १६.३. 'सुपरबॅड' माझा अतिशय लाडका पिक्चर, तोसुद्धा १२.१ कोटी घरी आणि बाहेर ५च्या आतबाहेर, कारण त्यातलं सोनं त्या दोन पोरांच्या अखंड बडबडीत आहे. त्यामुळे चावट कॉमेडी जगभर चालते असं सरसकट विधान मी करत नाहीये. कुठली चालते हे बघून ठरवा, एवढं म्हणतोय.

'गर्ल्स ट्रिप'बद्दल मात्र मला जास्त चीड आहे. २०१७चा, कृष्णवर्णीय कलाकारांचा पिक्चर, बजेट २ कोटींच्या आसपास, अमेरिकेत साडेअकरा कोटी, आणि बाहेर फक्त अडीच कोटी. त्यात प्रसंगांची गंमत ठासून भरलेली आहे, बोलण्यावर अवलंबून नसलेले सीन आहेत, मग का नाही चालला? कृष्णवर्णीय कलाकारांचे पिक्चर बाहेर विकले जात नाहीत ही हॉलिवूडमधली जुनी समजूत, आणि त्या समजुतीपायी अशा पिक्चरच्या बाहेरच्या रिलीजवर जोरच लावला जात नाही. जोर लावायचा नाही, पिक्चर चालला नाही की बोट दाखवायचं, बघा आम्ही म्हणत होतो. प्रेक्षकाला विचारलं कुणी?

आता चीन. माझ्या मते या जॉनरचा खरा घात तिथे झाला. चीनमध्ये वयानुसार सर्टिफिकेट नाही, जो पिक्चर लागेल तो लहान-मोठ्या सगळ्यांना चालेल असा हवा, म्हणजे चावट कॉमेडीला दारच बंद. २०१२च्या फेब्रुवारीत अमेरिका आणि चीनमध्ये करार झाला, कमाईत वाटा मिळणाऱ्या परदेशी पिक्चरची संख्या वर्षाला ३४ झाली, स्टुडिओचा वाटा २५ टक्के झाला, आणि सगळे मोठे स्टुडिओ तिकडे बघायला लागले. 'हँगओव्हर', 'टेड', 'अमेरिकन रीयुनियन' या सगळ्यांनी चीनचा आधार नसताना कमावलंय, पण गुंतवणूक करणारा माणूस विचार करतो की एवढ्याच मेहनतीत चीनमध्येही चालणारा सुपरहिरो का नको. त्या सुपरहिरोला पंधरा-वीस कोटी डॉलर खर्च येतो आणि आमच्या 'टेड'मधल्या टेडी बेअरला ५ कोटी आला होता, हा फरक मात्र कुणी लक्षात घेत नाही.

'टेड'चं नाव निघालंच आहे तर. तोही २०१२चा, तोही युनिव्हर्सलचाच, एकाच वर्षात एकाच स्टुडिओने 'टेड' आणि 'अमेरिकन रीयुनियन' दोन्ही काढले हे लोक विसरतात. घरी २१.९ कोटी, बाहेर ३३ कोटी. जपानमध्ये तो २०१३च्या जानेवारीत लागला आणि तुफान चालला, गोंडस अस्वल आणि त्याच्या तोंडी असली भाषा, हे चित्र बघूनच हसू येतं. मग २०१५ला 'टेड २' आला, घरी ८.१ कोटी आणि जगभरात २१.५च्या आसपास, आणि लगेच सगळ्यांनी जाहीर केलं की बाहेरही हे संपलं. पिक्चर पहिल्याइतका चांगला नव्हता हे मान्यच आहे. पण त्या तीन वर्षांत डॉलर किती चढला होता बघा ना, २०१२च्या मध्याला एका डॉलरला ३३च्या आसपास रूबल होते आणि २०१५च्या उन्हाळ्यात ५५च्या वर, युरोही बराच घसरलेला. रशियातल्या माणसाने तेवढेच रूबल देऊन तिकीट काढलं तरी डॉलरच्या कॉलममध्ये आकडा चाळीस टक्के कमीच दिसणार. रशिया तर या पिक्चरच्या चांगल्या गिऱ्हाइकांपैकी एक होता. (तसा तिथेही असल्या पिक्चरला नकार मिळालेला आहे, २००६मध्ये 'बोराट'ला रशियाने परवानगी दिली नव्हती, बहुतेक अरब देशांनीही नाही, आणि तरी त्याने जगभरात २६ कोटी कमावले, १.८ कोटीच्या बजेटवर.)

आणि मग काय झालं? 'बोराट'चा दुसरा भाग २०२०मध्ये थेट प्राइमवर आला, ते करोनाचं वर्ष होतं म्हणून समजू शकतो. पण 'टेड' २०२४मध्ये परत आला तो सिरीज होऊन, पीकॉकवर, जी मुख्यतः अमेरिकेपुरती स्ट्रीमिंग सेवा आहे. ज्याचे साठ टक्के पैसे बाहेरच्या थिएटरमधून आले त्याला आणून घरच्या ॲपमध्ये बसवलं. थिएटरमध्ये तीनशे अनोळखी माणसं एका घाणेरड्या जोकवर एकदम फुटतात तेव्हा जे होतं ते सोफ्यावर एकट्याने बघून होत नाही, या प्रकारच्या पिक्चरला तर ती गर्दीच लागते, शेजारचा हसतोय म्हणून आपली लाज जाते आणि आपण दुप्पट हसतो.

२०२३मध्ये दोन पिक्चर आले ते मी मुद्दाम जवळून बघत होतो. 'नो हार्ड फीलिंग्ज', जेनिफर लॉरेन्ससारखी स्टार, साडेचार कोटी बजेट, घरी ५ कोटी आणि एकूण ८.७, काठावर. आणि 'एनीवन बट यू', अडीच कोटी बजेट, डिसेंबरमध्ये नाताळाच्या तोंडावर लागला, पहिल्या वीकेंडला अमेरिकेत फक्त ६० लाख डॉलर. त्या सोमवारी याचाही निकाल लावून टाकलेला लोकांनी. नंतर तोंडी प्रसिद्धीने तो असा चढत गेला की अमेरिकेत ८.८ कोटी आणि बाहेर १३ कोटी, एकूण २२ कोटी, त्यात ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, जर्मनी हे जुनेच मुलूख परत हजर. कथा सिडनीत घडते, समुद्र आहे, लग्नघर आहे, कपडे उतरण्याचे प्रसंग आहेत आणि ते सगळे बघून कळणारे आहेत. रोमान्सचा भाग जास्त आहे म्हणून काही जण त्याला या जॉनरमध्ये धरत नाहीत, मी धरतो, 'आर' रेटिंग आहे आणि हशे सगळे अंगाच्या फजितीचेच आहेत.

माझी मागणी म्हणाल तर छोटीच आहे. पुढचा असा पिक्चर लागला की शुक्रवार ते रविवारच्या अमेरिकन आकड्यावर पोस्ट टाकू नका, पाच-सहा आठवडे थांबा, जर्मनी आणि ऑस्ट्रेलियाचे आकडे येऊ द्या, आणि तुलना करताना त्या वर्षी डॉलर कुठे होता तेही बघा. 'अमेरिकन रीयुनियन'वर कमेंटमध्ये वाद घालायचा असेल तर या, फक्त ५.७चा आकडा आणलात तर सोबत १७.८चाही आणा.